दुधी कशासोबत खाऊ नये हे नंतर. आधी तो चाखून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची चाहूल लागली की मोबाइलवर दुधी भोपळ्याचे संदेश फिरू लागतात. त्यांचे साधारण दोन प्रकार. एकात दुधीचा रस रोज सकाळी अनशापोटी घेतला की हृदयातले ब्लॉकेज विरघळते, साखर आटोक्यात येते, वजन उतरते असे असते. दुसऱ्यात दुधीसोबत बीट खाऊ नका, कोबी-फ्लॉवर खाऊ नका, दूध घेऊ नका, रात्री खाऊ नका अशी मनाईची यादी असते. दोन्ही संदेश एकाच घरात, एकाच दिवशी येतात आणि दोन्ही श्रद्धेने पुढे धाडले जातात. दुधीच्या बाबतीत खरोखर जिवावर बेतणारी जी गोष्ट आहे, ती मात्र दोन्हीकडे नसते. कडू निघालेल्या दुधीचा रस हे विष आहे. एवढे एक वाक्य त्या याद्यांत कुठेच सापडत नाही, म्हणून हे पत्र.

दुधी, दोडका, काकडी, कारले, कलिंगड ही सगळी एकाच कुळातली वेलफळे. या कुळातल्या रानटी वेलींमध्ये क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. किडे आणि जनावरे यांपासून बचाव व्हावा म्हणून वेलाने केलेली ही सोय. हजारो वर्षे कमी कडू फळांचे बी राखत माणसाने आजचा गोडा दुधी घडवला. पण कडूपणाचा गुण वेलातून कायमचा गेलेला नाही, अधूनमधून तो डोके वर काढतो. वरून बघून अशी फळे ओळखू येत नाहीत. तोच फिकट हिरवा रंग, तीच लव, तेच वजन. कळते ते फक्त जिभेला, आणि जिभेला मात्र अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे नेमके ठाऊक होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात उलटी करवणाऱ्या औषधांचे अध्याय आहेत. त्यातला तिसरा अध्याय इक्ष्वाकूचा, म्हणजे कडू भोपळ्याचा, आणि सहावा कृतवेधनाचा, म्हणजे कडू दोडकीचा. ओकारी काढायची तर वापरायचे द्रव्य, अशी त्यांची ओळख आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही गोडी तुंबी आणि कडू तुंबी, म्हणजे गोडा आणि कडू भोपळा, वेगळ्या सांगितल्या आहेत. दुधीचे ‘हृद्य’ हे कौतुक तिथलेच आहे. शिवाय हृद्य म्हणजे हृदयाला हितकर आणि मनाला आवडणारे, असे दोन्ही. त्या एका विशेषणावर ब्लॉकेज विरघळवण्याचा डोलारा उभा करणे म्हणजे फारच झाले. इथून, कोल्हापुराहून, तासाभराच्या अंतरावर मिरजेत तंबोऱ्याला जो भोपळा लागतो, तोही कडूच. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने तो येतो, वाळवून पोकळ केला जातो आणि त्याच्या पोटातला गर कुणी भाजीला घेत नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचा भोपळाही त्याच जातीचा. कडू भोपळा आपल्या परिसराला अनोळखी नाही. तो मिक्सरमध्ये जाऊ लागला, हे तेवढे नवीन.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेतल्यानंतर मृत्यू झाला. त्याच रसाने त्यांची पत्नीही आजारी पडली, पण ती वाचली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचे म्हणणे २०१२ च्या जानेवारीत परिषदेच्या नियतकालिकात छापून आले. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातही दुधीच्या रसानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. समितीचा सल्ला चार ओळींचा आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर टाकून द्या. कडू रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळून पिऊ नका. आणि रस घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा नुसती अस्वस्थता वाटली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

यातली तिसरी ओळ नीट वाचली तर ‘दुधीसोबत काय नको’ या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे. दुधीच्या रसात कारल्याचा रस नको. कारल्याच्या कडूपणाची द्रव्ये वेगळी आहेत, आपण ती पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. घात होतो तो असा, की पेल्यात कारले आहे म्हटल्यावर कडू लागणारच असे माणूस गृहीत धरतो. निसर्गाने दिलेली एकमेव सूचना त्या पेल्यात बुडून जाते. लिंबू, आवळा, आले, पुदिना, काळे मीठ, मध यांचेही तसेच. ही सगळी मंडळी एरवी निरुपद्रवी, पण कडू चव झाकण्यात पटाईत. म्हणून ती घालायचीच असतील तर आधी नुसता रस चमचाभर जिभेवर घ्यावा आणि मगच घालावीत. क्रम उलटा झाला की चाखण्याला काही अर्थ उरत नाही.

चाखायचे कसे, तेही सांगायला हवे, कारण ‘चाखून बघितला की’ म्हणणारे बरेचदा मधलीच एक फोड चाटून मोकळे होतात. दुधी धुऊन पुसून घ्यावा. देठाकडून, मधून आणि बुडख्याकडून अशा तीन पातळ चकत्या काढाव्यात, कारण एकाच फळात कडूपणा सगळीकडे सारखा नसतो. प्रत्येक चकतीचा हरभऱ्याएवढा तुकडा पुढच्या दातांनी चावून दहा-पंधरा सेकंद जिभेवर घोळवावा, थुंकून टाकावा आणि चूळ भरावी. गिळायचा नाही. गोड्या दुधीचा तुकडा जवळपास बेचव, किंचित गोडसर, काकडीच्या जवळचा लागतो. कडू दुधी लपत नाही. जीभ आखडते आणि चूळ भरली तरी चव रेंगाळत राहते. ‘किंचित कडवट आहे, पण चालेल’ हा प्रकार इथे ठेवायचाच नाही. दोन दुधी असतील तर दोन्ही चाखायचे. एक गोडा निघाला म्हणून दुसऱ्याची हमी नाही. तोंडात तंबाखू-मशेरी असणाऱ्याने, सर्दीने चव गेलेल्याने किंवा फार वयस्कर माणसाने एकट्याने निकाल देऊ नये. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवावा. लहान मुलांना हे काम सांगू नये.

काकडीचा शेंडा कापून तोच तिच्यावर घासायचा, फेस काढायचा, म्हणजे कडूपणा उतरतो, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. काकडीला ती लागू पडते की नाही, यावर जेवताना वाद घालायला हरकत नाही. दुधीवर मात्र ती चालवू नये. मीठ लावून पिळणे, उकळून पाणी टाकणे, कुकरच्या पाच शिट्ट्या काढणे, यातल्या कशानेही कडू दुधी खाण्याजोगा होत नाही. ही द्रव्ये चुलीच्या आचेला दाद देत नाहीत. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची शिजवलेली भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. झुकिनी ही दुधीची चुलत बहीणच. तूप-साखरेत घोळूनही कडू ते कडूच राहते, ही आपली म्हण कारल्यावर रचलेली आहे, पण खरी लागू आहे ती दुधीला.

शिजवून विष मरत नाही तर भाजीने एवढे अपघात का होत नाहीत? कडू भाजीचा पहिलाच घास माणूस थुंकतो आणि ताट सरकवतो, म्हणून. रसाचे तसे नसते. एका मोठ्या पेल्याला सुमारे ४०० ग्रॅम दुधी लागतो, म्हणजे चौघांच्या भाजीचा ऐवज एकट्याच्या पोटात, तोही रिकाम्या. आणि रस हा ‘औषध’ म्हणून घेतलेला असतो. औषध कडूच असते, नाक दाबून एका दमात प्यायचे असते, ही लहानपणापासूनची शिकवण इथे नडते. हलव्याची गोष्ट निराळी. त्यात साखर कडूपणा अंशतः झाकते. मंगल कार्यालयात वीस किलो दुधी किसला जातो तेव्हा त्यात एक कडू असेल तर घाणा पूर्ण होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आचाऱ्याने किसणी हातात घेण्याआधी प्रत्येक दुधीची चकती चाखली पाहिजे. वीस-पंचवीस फळांना फार तर अर्धा तास जातो.

कडू रस पोटात गेलाच तर काय होते, तेही स्पष्ट सांगतो. काही मिनिटांपासून तास-दोन तासांत पोटात कळा, मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे उलटीतून रक्त पडू शकते, रक्तदाब झपाट्याने खाली येतो, यकृताला इजा होऊ शकते. यावर उतारा असे औषध नाही. सलाइन, जठरातले आम्ल कमी करणारी औषधे, रक्तदाब सावरणे, असेच उपचार होतात, आणि वेळेत झाले तर बहुतेक माणसे काही दिवसांत बरी होतात. वेळ जातो तो घरगुती उपायांत. तूप पाजणे, दूध पाजणे, बोटे घालून ओकारी काढणे यातले काहीही करू नये. जठराचे अस्तर आधीच सोललेले असते, त्यात हा मारा. पोट दुखते म्हणून घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने इथले सीपीआर हे सरकारी रुग्णालय नाहीतर जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. उरलेला रस आणि दुधीचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्यावा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘दुधीचा रस घेतला होता, कडू होता’ असे सांगावे. नाहीतर बाहेरच्या खाण्याने पोट बिघडले असेल म्हणून सुरुवातीचा वेळ वाया जातो.

आता औषधांचा आणि रसाचा मेळ. याबद्दल कुणी फारसे बोलत नाही, पण खाण्यातल्या जोड्यांपेक्षा हा विषय कितीतरी महत्त्वाचा आहे. हृदयरोगावर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांना कडू रसाची इजा जास्त महागात पडते, कारण सुरू झालेला रक्तस्राव थांबायला वेळ लागतो. वॉरफेरिन किंवा एसिनोकुमेरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी दुधीची नव्हे, तर त्या हिरव्यागार रसात पडणाऱ्या पालक, कोथिंबीर, पुदिन्याची काळजी करावी. त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. आज मूठभर, उद्या जुडीभर असे केले की डोस कधीच बसत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन न्याहारीऐवजी नुसता रस पिणाऱ्या मधुमेह्यांची साखर एकदम उतरू शकते. तो दुधीचा गुण नाही, रिकाम्या पोटाचा परिणाम आहे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर-पाणी घ्यावे, कौतुक नंतर.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी पोटॅशियमचा हिशेब असतो. १०० ग्रॅम दुधीत ते साधारण १५० मिलिग्रॅम, म्हणजे इतर भाज्यांच्या मानाने बेताचे. पण ४०० ग्रॅमचा रस म्हणजे एका वेळी ६०० मिलिग्रॅमपर्यंत. ज्यांना दिवसाला दोन हजाराची मर्यादा सांगितली आहे त्यांचा जवळपास तिसरा हिस्सा एका पेल्यात गेला. त्यात टोमॅटो पडला, शहाळ्याचे पाणी पडले, की वाढतेच. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनी पोटॅशियम शरीरात साठते. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून जे मीठ घरात येते त्यात पोटॅशियम क्लोराइडच असते. या तिन्हींची गाठ एका माणसाच्या ताटात पडू देऊ नये. अशा रुग्णांनी दुधीच्या फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि मग भाजी करावी. रसाला ही सोयच नाही.

संदेशातल्या मनाईच्या यादीकडे आता वळू या. ती लवकर संपते. दुधी आणि बीट एकत्र खाल्ल्याने चेहऱ्यावर पुरळ येते याला काही आधार नाही. बिटाने लघवी लालसर होते आणि माणूस घाबरतो, एवढेच. मुतखडा होण्याची सवय असलेल्यांनी दुधी-पालक-बीट असा रस टाळावा हे खरे, पण तिथे दोष पालक आणि बिटातल्या ऑक्झलेटचा आहे, दुधीचा नाही. कोबी-फ्लॉवरने पोटात वारा धरतो, तो दुधीशिवायही धरतो. दह्यातले दुधीचे भरीत उत्तम, फक्त आंबट दही घालण्याआधी दुधी चाखलेला असावा. रात्री दुधी खाऊ नये, हे तर उलटेच आहे. तेल-तिखट बेताचे असेल तर रात्रीच्या जेवणाला याच्याइतकी हलकी भाजी थोडी.

दूध आणि दुधी या जोडीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण तिथे ग्रंथाचा आधार दाखवला जातो आणि तो खोटा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, विसाव्या अध्यायात, दुधासोबत न खाण्याच्या पदार्थांत वेलफळे येतात. दुसरीकडे दुधीची खीर आणि हलवा घरोघरी होतात आणि पचतात. आजच्या वैद्यकात या जोडीने अपाय होतो असे काही दिसलेले नाही. ज्यांचे पोट दुधाने बिघडते त्यांचे ते हलव्यानेही बिघडेल. आयुर्वेदाचा उपचार चालू असेल तर आपल्या वैद्यांना विचारून ठरवावे. बाकीच्यांनी हलव्याचा खरा दोष ओळखावा. एक किलो दुधी, एक लिटर म्हशीचे दूध, २०० ग्रॅम साखर आणि चार मोठे चमचे तूप यांचा हलवा आठ वाट्या होतो. वाटीमागे ३०० च्या आसपास कॅलरी. त्यात दुधीच्या वाट्याच्या जेमतेम वीस! तेव्हा ‘दुधीच आहे की’ म्हणत दुसरी वाटी पुढे करताना ही गोष्ट ध्यानात असावी. जाता जाता, हलव्याचे दूध फाटते ते बहुधा कीस कच्चा राहिल्याने. कीस तुपावर आठ-दहा मिनिटे परतून त्याचे पाणी पूर्ण आटू द्यावे, मग तापलेले दूध घालावे आणि साखर सगळ्यात शेवटी. आधी घातली तर पुन्हा पाणी सुटते आणि हलवा ढवळता ढवळता हात भरून येतात.

मग दुधीत चांगले काय? आहे की, आणि ते रसाशिवाय मिळते. १०० ग्रॅममध्ये पंधराच्या आसपास कॅलरी, सोडियम जवळपास नाही, ९० टक्क्यांहून जास्त पाणी. पोट भरल्यासारखे वाटते आणि अंगी काही लागत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. वजन, रक्तदाब, पित्त यांच्या तक्रारी असलेल्यांना आणि आजारातून उठलेल्यांना म्हणून तो चालतो. पण ब्लॉकेज उघडल्याचा भरवशाचा पुरावा नाही. रस सुरू केला म्हणून गोळ्या थांबवणे, ही दुधीची सगळ्यात वाईट जोडी. आणि रविवारी तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून सोमवारी रंकाळ्याला फेरी आणि दुधीचा रस, असले प्रायश्चित्त यकृताच्या खतावणीत कुठेच नोंदले जात नाही.

आपल्याकडे दुधीचा गुण मारला जातो तो तेला-मिठाने. चौघांसाठी ५०० ग्रॅम दुधीची भाजी म्हणजे दुधीच्या ७५ कॅलरी, आणि वर कट यावा म्हणून चार मोठे चमचे तेल सोडले की त्याच्या पाचशेच्या आसपास. कांदा-लसूण चटणीत मीठ असतेच. त्यावर भाजीला अंदाजाने मीठ टाकले की रक्तदाबवाल्याचे ताट बिघडले. माणशी दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही मिठाची मर्यादा आहे.

चणाडाळ घालून केलेली भाजी ही दुधीची सगळ्यात शहाणी जोडी. दुधीत प्रथिने जवळपास नाहीत, ती डाळीतून येतात. अर्धी वाटी डाळ तासभर भिजवावी आणि नुसत्या पाण्यात बोटाने दाबली तर तुटेल इतपत शिजवावी. चिंच, टोमॅटो, आमसूल आधी पडले तर डाळ टणक राहते, कितीही वेळ ठेवा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात बोटाच्या पेरभर फोडी परताव्यात. वर ताटली ठेवून तिच्यात पाणी घालावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे वाफ आणावी. भाजीत वेगळे पाणी घालू नये, दुधी स्वतःचे पुरेसे सोडतो. मग डाळ, निम्मे मीठ, चमचाभर कांदा-लसूण चटणी आणि मूठभर दाण्याचे कूट. दुधी आणि डाळ एकदम कुकरला लावली की डाळ शिजेपर्यंत दुधीची पेज होते, आणि मग मुले दुधीला नाक मुरडतात म्हणून आपण दुधीलाच बोल लावतो.

माळवं घेताना दुधी कोवळाच बघावा. अर्धा ते एक किलोचा, हाताला वजनदार, देठ हिरवा, सालीवर बारीक लव असलेला. लव गेलेला, गुळगुळीत, पांढरट झालेला दुधी निबर. त्याचा गाभा कापसासारखा आणि बिया टणक असतात. नख सहज रुतले की कोवळा, ही खूण खरी, पण कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या भाजी बाजारात दहा गिऱ्हाइकांनी दहा नखे मारलेला दुधी संध्याकाळपर्यंत त्याच जागी काळा पडून सडू लागतो आणि नुकसान भाजी विकणाऱ्या बाईच्या माथी. एक नख, तेही देठाजवळ, पुरे. कोवळा निवडला म्हणजे कडू नसेल, असे मात्र समजू नये.

कडू फळ येते कुठून, हे शेतकऱ्यांनी बघण्यासारखे आहे. उन्हाचा तडाखा, पाण्याचा ताण, जमिनीचा कस उतरणे, फळ वेलावर फार जून होणे, यांनी कडूपणा वाढतो. दुसरे कारण बियांतले. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि पतंग-भुंगे दूरवरून परागकण आणतात. शेजारच्या कडू वेलाचा पराग पडला तरी त्या फळाचा गर कडू होत नाही, कारण गर आईवेलाचा असतो. बिघडते ते आतले बी. ते बी पुढच्या हंगामात लावले की त्या वेलाची फळे कडू निघू शकतात. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला १००० मीटर अंतर राखायचा नियम आहे. उकिरड्यावर, परसात आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळावर सगळ्यात जास्त संशय घ्यावा. प्रत्येक वेलाचे पहिले फळ चाखावे. कडू निघाले तर तो वेल मुळासकट उपटावा, त्याचे एकही फळ बाजारात जाऊ देऊ नये आणि म्हशीपुढेही टाकू नये, जनावरालाही ते बाधते.

संपादक महाशय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुरवणीत दुधीच्या रसाची, सूपची किंवा हलव्याची कृती छापली जाईल तेव्हा ‘दुधी धुऊन सोलून घ्या’ या ओळीच्या आधी ‘तीन ठिकाणची चकती चाखून घ्या, कडू असल्यास फळ टाकून द्या’ ही ओळ असावी. आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी रसाच्या गाड्या लावणाऱ्यांपर्यंत आपल्या अंकातून एवढे पोहोचावे : सालासकट अख्खा दुधी गाडीवर ठेवा, गिऱ्हाइकासमोर कापा, पेला भरण्याआधी एक चकती त्याच्या हातावर ठेवा, आणि कारल्याचा रस एकाच पेल्यात मिसळून देऊ नका. गुऱ्हाळावर ढेप घेण्याआधी गुळाचा खडा जिभेवर ठेवून बघणारी माणसे आहेत ही. चकतीला कुणी नाही म्हणणार नाही.

आपला,
आहारशास्त्राचा एक अभ्यासक वाचक,
कोल्हापूर